कुसळी : माळावरच्या एका गवताची ओळख

आज मी एका गवताविषयी बोलणार आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं गवतावर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या उत्तरार्धात आपोआप मिळेल. आधी गवताची नीट ओळख करून घेऊ. वस्तू नीट बघायची आणि मग तिच्याविषयी बोलायचं, हा क्रम कुठल्याही शास्त्रात सोडून चालत नाही.

हे गवत तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पाहिलं नसेल तर ते तुम्हाला लागलेलं तरी आहेच. दिवाळीच्या आसपास एखाद्या डोंगरावर किंवा माळावर फिरून घरी आलात की पायजम्याला, मोज्यांना, बुटाच्या नाडीला काळपट, टोकदार, पीळ पडलेले काटे चिकटलेले असतात. ओढून काढायला गेलात तर ते आणखी आत शिरतात. ते कुसळ. आणि ज्याचं हे कुसळ, ते कुसळी गवत. शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस.

आता इथेच पहिला प्रश्न येतो. ज्याला कुसळ असतं ते कुसळी, अशी व्याख्या केली तर? चालणार नाही. गव्हाच्या ओंबीलाही कुसळ असतं. मग गहूसुद्धा कुसळी ठरेल. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात व्याख्येला 'लक्षण' म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून अभ्यासाला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला ते गाईच्या उदाहरणानं शिकवले जातात. 'शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय' म्हटलं तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. 'कपिला वर्णाची ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एक अखंड खूर असलेली ती गाय' म्हटलं तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. मग गाईचं लक्षण काय? गळ्याखाली लोंबणारी पोळी. हे तीन दोष लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहेत.

तर कुसळीचं लक्षण काय? चार-पाच गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट, हे बहुवर्षायू गवत आहे. दर वर्षी बीपासून नव्यानं उगवून वर्षअखेरीस मरणारं नव्हे. त्याचा एक झुबका असतो, ज्याला आपण गवताचं थोंब म्हणतो. उन्हाळ्यात वरची पाती वाळतात, चरली जातात, जळतात; पण बुडखा जिवंत राहतो. जूनमध्ये दोन चांगल्या सरी पडल्या की त्याच बुडख्यातून हिरवी पाती येतात. उंची साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत, चांगल्या जागी मीटरभर किंवा थोडी अधिकही.

दुसरी गोष्ट, बुडख्याजवळ बघा. खोडाला वेढणारा पात्याचा जो खालचा भाग असतो, तो इथे चपटा असतो आणि त्याला होडीच्या तळासारखा कणा असतो. दोन बोटांत धरून फिरवलं तर गोल लागत नाही, चपटं लागतं. फुलोरा नसतानाही कुसळी ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

तिसरी आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे फुलोरा. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, काडीच्या टोकाला बोटाएवढी एक मंजिरी येते. ती एकाच बाजूला वळलेली असते. गवताच्या फुलोऱ्याच्या एककाला कणिशक म्हणतात. कुसळीत ही कणिशकं जोडीजोडीनं असतात. जोडीतलं एक देठाशिवाय, काडीला चिकटलेलं. दुसरं लहानशा देठावर. मंजिरीच्या खालच्या भागातल्या जोड्यांमध्ये दोन्ही कणिशकं सारखी, कुसळ नसलेली, नर किंवा वांझ. वरच्या जोड्यांमध्ये मात्र फरक पडतो: बिनदेठाच्या कणिशकात बी धरतं आणि त्यालाच लांब कुसळ असतं, देठावरचं कणिशक हिरवं, पसरट, बिनकुसळाचं. म्हणून याचं नाव हेटेरोपोगॉन. ग्रीक भाषेत 'हेटेरोस' म्हणजे वेगळा आणि 'पोगॉन' म्हणजे दाढी. एकाला दाढी आहे, शेजारच्याला नाही. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. लिनियसनं 1753 साली या गवताला नाव दिलं तेव्हा ते दुसऱ्या प्रजातीत घातलं होतं; पुढे 1817 मध्ये ते आजच्या प्रजातीत आलं. पण 'पिळलेलं' हे विशेषण लिनियसनं दिलेलं, ते तसंच राहिलं. आपल्या गुराख्यांनीही नाव दिलं ते कुसळावरूनच. दोघांची नजर एकाच ठिकाणी गेली.

चौथी गोष्ट, पिकल्यावर काय होतं. कुसळं पाच ते दहा-बारा सेंटिमीटर लांब, गडद तपकिरी, जवळजवळ काळी. एका मंजिरीतली सगळी कुसळं वाळताना एकमेकांभोवती पिळतात आणि टोकाला त्यांचा गुंता होतो, वेणीसारखा. नोव्हेंबरात माळावर तांबूस-सोनेरी गवतावर हे काळे पीळ वाऱ्यानं हलताना दिसतात. लक्षण म्हणून एवढं पुरे आहे: चपट्या बुडाचं बहुवर्षायू थोंब, एकाच बाजूची मंजिरी आणि टोकाला गुंतलेल्या काळ्या कुसळांची वेणी. गहू यात येत नाही आणि कुसळी यातून सुटत नाही.

आता या कुसळाचं काम बघू. निसर्गातल्या यंत्रांविषयी बोलताना आपण पक्ष्याचा पंख, माणसाचा डोळा अशी मोठी उदाहरणं घेतो. हे यंत्र तुमच्या मोज्यात सापडतं आणि त्याला पेशींची हालचालसुद्धा लागत नाही, कारण ते मेलेलं असतं.

कुसळाचे तीन भाग असतात. खाली बी आणि बीच्या बुडाशी सुईसारखं अणकुचीदार टोक. या टोकावर तपकिरी ताठ केस असतात आणि ते सगळे मागच्या दिशेला वळलेले, बाणाच्या आकड्यासारखे. म्हणजे आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड. मधला भाग दोरीसारखा पिळलेला. आणि वरचा भाग मधल्या भागाशी कोन करून वाकलेला. मधल्या भागातल्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे मळसूत्राच्या पद्धतीनं रचलेले असतात. हवा दमट झाली की या भिंती पाणी शोषून फुगतात आणि पीळ उलगडतो. हवा कोरडी झाली की भिंती आकसतात आणि पीळ पुन्हा बसतो. वरचा वाकलेला भाग आजूबाजूच्या गवताला, काडीला, खड्याला टेकतो. तो अडला की फिरणं खालच्या टोकाकडे जातं आणि बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. रात्री दव, दिवसा ऊन. पुन्हा दव, पुन्हा ऊन. प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं आत. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत.

चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन यानं 1876 साली अशाच कुसळाच्या दुसऱ्या एका गवतावर, स्टायपावर, निबंध लिहून हे कसं घडतं ते दाखवलं होतं. तुम्हाला निबंध वाचायची गरज नाही. एक पिकलेलं कुसळ घ्या, चिकणमातीच्या गोळीत त्याचं टोक उभं रोवा आणि वरून पाण्याचे दोन थेंब टाका. काही क्षणांत वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागेल. नातवंडं असतील तर त्यांना अवश्य दाखवा.

बी जमिनीत पुरून घेण्याचा फायदा काय? हे गवत कुठे वाढतं ते बघितलं की कळतं. तिथेच त्याचा अधिवास येतो.

कुसळी फक्त आपली नाही. आफ्रिका, दक्षिण आणि आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातली बेटं, अमेरिकेचा नैऋत्य भाग अशा उष्ण प्रदेशांत ती पसरलेली आहे. हवाई बेटांवर तिला 'पिली' म्हणतात आणि तिथले मूळ रहिवासी घरांची छपरं तिनंच शाकारत. आपल्याकडेही वाळलेलं लांब गवत छपराला वापरायची पद्धत होतीच. महाराष्ट्रात ती सह्याद्रीच्या उतारांवरही दिसते, पण तिचं खरं घर म्हणजे पूर्वेकडचा पठारी माळ.

या माळाचा भूगोल असा. सह्याद्रीचा माथा पावसाचं बहुतेक पाणी अडवतो. त्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो: पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा-सांगलीचे पूर्वेकडचे तालुके. इथे बऱ्याच ठिकाणी वर्षाचा पाऊस 750 मिलिमीटरच्या आत असतो आणि तोही चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कोरडे. खाली काळा बेसाल्ट खडक, त्यावर मुरूम, त्यावर वीतभर माती. कुठे तीही नाही. दुपारी या मुरमावर पाय ठेववत नाही. अशा जागी मोठं झाड करणं महाग पडतं. गवताला मात्र ही जागा परवडते.

परवडते ती कशी? याची दोन कारणं सांगतो. एक म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची पद्धत. कुसळी ज्या कुळातल्या गटात येते त्याच गटात ऊस, ज्वारी, मका आणि वाळा येतात. या सगळ्या वनस्पती कर्बवायू पकडण्यासाठी सी-फोर नावाची पद्धत वापरतात. तिच्यामुळे रखरखीत उन्हात आणि कमी पाण्यात अन्न तयार करणं जमतं. ज्वारी आपल्या कोरडवाहू भागाचं धान्य का झाली, याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. माळावरची कुसळी आणि शेतातली ज्वारी या नात्यातल्या बहिणी आहेत. एकीला आपण पेरलं, दुसरी आपली आपण पेरत राहिली.

दुसरं कारण असं की गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. झाडाचा वाढणारा शेंडा वर असतो. शेंडा खुडला, जाळला की झाड मागे पडतं. गवताचा शेंडा जनावराच्या तोंडाच्या खाली आणि जाळाच्या झळेच्या खाली. म्हणून गवत चरलं तरी पुन्हा वाढतं, जळलं तरी पुन्हा फुटतं. कुसळीनं तर बीसुद्धा जमिनीत पुरून सुरक्षित केलेलं आहे. वणवा वरून निघून जातो, बी खाली थंड मातीत असतं. वणव्यानंतरच्या पावसाळ्यात कुसळीचा जोर वाढलेला दिसतो, तो यामुळे. पडल्यावर लगेच ते बी उगवत नाही. काही महिने सुप्तावस्थेत राहतं. अवकाळी पावसाच्या एका सरीनं फसत नाही, जूनपर्यंत थांबतं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी कुसळीचा वकील आहे असं वाटेल. कोवळी असताना कुसळी चांगला चारा आहे. फुलोऱ्यापूर्वी कापली तर वाळलेलं गवतही जनावरं आवडीनं खातात. पण कुसळ धरलं की मेंढपाळाची पंचाईत. ते लोकरीत गुंततं, कातडीत शिरतं, जनावराच्या तोंडाला जखमा करतं. म्हणजे हेच गवत ऑगस्टमध्ये उपयोगी आणि नोव्हेंबरात उपद्रवी. वस्तू चांगली की वाईट, हे विचारताना 'कधी' आणि 'कोणासाठी' हे दोन शब्द जोडावे लागतात.

शिवाय माळावर कुसळी किती आहे, यावरून माळाची तब्येत कळते. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली भारताच्या गवताळ आच्छादनाचं जे वर्गीकरण केलं, त्यात आपला द्वीपकल्पाचा भाग सेहिमा-डायकॅन्थियम या प्रकारात येतो. मारवेल, पवना, डोंगरी ही आपल्या ओळखीची चांगली गवतं यातलीच. चराई आणि जाळणं प्रमाणाबाहेर गेलं की ही चवदार गवतं मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. आणखी ताण पडला की कुसळीही जाते आणि उरतात ती आखूड, एकवर्षायू, जनावरांनी तोंड न लावावं अशी गवतं. म्हणजे कुसळी ही मधली पायरी आहे. नुसती कुसळीच कुसळी दिसली तर माळ दमलेला आहे असं समजावं. पण तो मेलेला नाही. काही वर्षं चराईवर बंधन घातलं, दर वर्षी जाळणं थांबवलं, तर मारवेल-पवना परत येऊ शकतात. ही संधी आहे तोवर आहे. ती कशानं जाते, तिकडे आता वळू.

इथे तत्त्वज्ञान येतं. जिथे कुसळी वाढते त्या जमिनीला आपण काय म्हणतो? सातबाऱ्यावर 'पोटखराब' असा शब्द असतो. धारण केलेल्या जमिनीतला लागवडीला न येणारा भाग तो पोटखराब. बोलताना आपण 'पडीक' म्हणतो. सरकारी नकाशांत 'वेस्टलँड' हा वर्ग आहे. देशाच्या वेस्टलँडचा ॲटलास प्रसिद्ध होतो आणि त्यात झुडपी माळ व खालावलेली कुरणं मोजली जातात. या शब्दाला मोठा इतिहास आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस मालमत्तेची जी मीमांसा केली, तिच्यात जी जमीन निसर्गावर सोडलेली आहे, जिच्यावर नांगर किंवा लागवड नाही, ती वाया असलेली, असा विचार स्पष्टपणे मांडलेला आहे. जमीन महसूल हेच उत्पन्न असलेल्या वसाहती राज्याला हा विचार सोयीचा होता. जिथून सारा येत नाही ती जमीन रिकामी.

आता न्यायशास्त्राकडे परत येऊ. 'रिकामी' हे अभावाचं विधान आहे. वैशेषिकांनी आणि नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याविषयी एक अगदी साधी, पण कामाची गोष्ट सांगितली. अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. जमिनीवर घडा नाही, असं म्हणताना घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी. आणि अभाव कळायला प्रतियोगी आधी माहीत असावा लागतो. ज्यानं घडा कधी पाहिलाच नाही, त्याला घड्याचा अभाव दिसत नाही. मग माळ 'रिकामा' म्हणणाऱ्याला विचारा: रिकामा कशाचा? एकाच्या मनात ऊस असतो. दुसऱ्याच्या मनात इमारत. तिसऱ्याच्या, आणि हा सगळ्यात भला माणूस असतो, मनात झाड असतं. म्हणजे त्यांना माळ दिसतच नाही, आपापल्या मनातल्या वस्तूचा अभाव तेवढा दिसतो. समोर गुडघाभर गवत उभं असतं.

पुढची पायरी अशी. अभावाचे चार प्रकार सांगितलेले आहेत, त्यातले दोन आपल्याला हवेत. घडा फुटल्यावर जो त्याचा अभाव होतो, तो प्रध्वंसाभाव: होतं, नष्ट झालं. आणि वायूत रंग नसतो, हा अत्यंताभाव: नव्हतंच. नैयायिक अत्यंताभाव तिन्ही काळांसाठी म्हणतात. आपण इथे सोयीपुरता शब्द घेऊ. आता आपल्या माळावर झाडं नाहीत, हा यातला कुठला अभाव? शाळेपासून आपल्या मनावर बिंबलेलं असतं की पूर्वी सगळीकडे घनदाट जंगल होतं, माणसानं ते तोडलं आणि त्याचा माळ झाला. म्हणजे प्रध्वंसाभाव. हे काही जागांपुरतं खरं आहे. पण सगळ्या माळांना हे लावलं की अतिव्याप्ती होते.

पुरावे काय आहेत? हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांच्या गाळात कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास झाला, त्यावरून भारतीय उपखंडात सी-फोर गवतं सुमारे 70 ते 80 लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर पसरली असं दिसतं. आपली मानवजात फार तर तीन लाख वर्षांची. गवत कुऱ्हाडीनंतर आलं, असं म्हणता येत नाही. दुसरा पुरावा जिवंत आहे: द्वीपकल्पातल्या गवताळ प्रदेशांत, ज्यांना सव्हाना म्हणतात, दोनशेहून अधिक वनस्पती अशा आहेत की त्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत. शे-दोनशे वर्षांपूर्वी जंगलतोड झाली आणि तेवढ्यात एवढ्या जाती निर्माण झाल्या, हे शक्य नाही. तिसरा पुरावा आपल्या भाषेतला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत आलेल्या रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यातल्या निम्म्याहून अधिक जाती सव्हानात वाढणाऱ्या निघाल्या. आपल्या पूर्वजांनी जे भोवताली पाहिलं तेच लिहिलं, आणि त्यांच्या भोवताली गवत, बाभळी, बोरी होत्या.

आणि माळावर कोण राहतं? नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं, ते या गवतासाठी आणि त्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्यासाठी. रेहेकुरीला काळवीट आहेत, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत. लांडगा, खोकड, धाविक, माळटिटवी, चंडोल हे सगळे उघड्या जमिनीचे रहिवासी. माळटिटवी जमिनीवरच अंडी घालते; दाट झाडीत तिचं भागत नाही. आणि माणसं म्हणाल तर मेंढरं घेऊन फिरणारा धनगर समाज याच माळावर जगत आला. पडीक जमिनीवर एवढा संसार कसा काय चालतो?

आता नुकसान कसं होतं ते सांगतो. माळाची 'सुधारणा' करायची ठरते. यंत्रानं समतल चर खणले जातात, त्यात रोपं लावली जातात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं, ते तुम्ही पाहिलं असेल. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण चर खणताना बहुवर्षायू थोंबं मुळासकट उपटली जातात. वर दाट सावली झाली की उरलेलं गवत विरळ होतं, कारण सी-फोर गवताला भरपूर ऊन लागतं. मघाशी म्हटलं ती संधी इथे जाते. चरलेला माळ परत येतो, जळलेला माळ परत येतो. खणून काढलेला माळ परत आणणं फार अवघड. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते, आणि ते योग्यच आहे. शंभर वर्षांचा माळ खणायचा तर कोणाला विचारावं लागत नाही; उलट त्या कामाचा फोटो वर्तमानपत्रात येतो.

आपल्याकडे म्हण आहे: दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. माळाच्या बाबतीत मुसळ म्हणजे आपल्या मनातला तो प्रतियोगी. तो बाजूला केला, तर कुसळ हे कुसळ म्हणून बघता येतं आणि ते किती कौशल्याचं काम करतं हेही कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्याख्या अभावानं करू नये. 'झाडं नसलेली जमीन' ही माळाची व्याख्या नव्हे. त्यात वाळवंट येतं, मीठागर येतं, सिमेंटचं वाहनतळही येतं. माळ म्हणजे ऊन, तुटपुंजा पाऊस, मुरूम, चराई आणि अधूनमधून येणारी आग यांच्याशी जुळवून घेतलेल्या बहुवर्षायू गवतांची आणि त्यांच्यावर जगणाऱ्या जिवांची वस्ती. ही व्याख्या भावरूप आहे. ती मान्य केली की पुढचे निर्णय बदलतात.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग सर, झाडं लावायचीच नाहीत का?

उत्तर : असं मी म्हटलेलं नाही. लावावीत. रस्त्याच्या कडेला, गावात, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी, जिथे खरोखर जंगल तोडलं गेलं तिथे, तिथलीच झाडं लावावीत. माळावरही मुळातच तुरळक बोर, बाभूळ, हिवर असतात, त्यांना कोणी हात लावू नये. माझा आग्रह एका प्रश्नापुरता आहे. रोप हातात घेण्यापूर्वी विचारा: इथे आधी काय होतं? प्रध्वंसाभाव असेल तर लावा. अत्यंताभाव असेल तर त्या जागेला जे आहे ते राखू द्या.

प्रश्न : सामान्य माणसाला हे ओळखता कसं येईल?

उत्तर : पूर्ण निर्णय तज्ज्ञांचा. पण पहिला अंदाज आपण घेऊ शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्या माळावर जा आणि खाली बसून बघा. उभं राहून गवत कळत नाही. थोंबं आहेत का? बहुवर्षायू गवतांची दोन-चार जातींची थोंबं, मधूनमधून पावसाळ्यात कंदातून उगवणाऱ्या वनस्पती, असं असेल तर ती जागा जुनी असण्याची शक्यता मोठी. गावातल्या वयस्कर मेंढपाळाला विचारा. मारवेल कुठे होतं, किती होतं, हे त्याला आठवत असतं. आणि असा माळ सापडला तर ग्रामपंचायतीत सांगा की हे पडीक नाही, हे कुरण आहे. गायरानाच्या नोंदी तपासा. शब्द बदलला म्हणजे लगेच सगळं बदलत नाही, पण ठराव शब्दांतच लिहिले जातात.

आणि परत येताना मोज्यात कुसळं अडकलेली असतील. ती फेकू नका. मघाशी सांगितलेला पाण्याचा प्रयोग करून बघा.